खाडी म्हंजे बोडी नाही

नागाव, समुद्राच्या काठावरून
४ डिसेंबर २०२४

ताई,

साष्टांग नमस्कार लिहिनार होतो, पन आठ अंगातले दोन पाय फोडायनं कामातून गेले. सध्या सहा अंगाचा घे.

आधी लिफाफ्यावरचा शिक्का पाहा. तुमसरचा नाही, गोंदियाचा नाही, अलिबागकडचा आहे. मंगेशले बी दाखव. माहा दोस्त असून तो म्हनन का शिक्का बी मोन्यानं आलू कापून बनवला. त्याले म्हना, आलूवर एवढे बारीक अक्षर तुह्या बापाच्यानं बी होनार नाही.

मी समुद्रावर आहे, ताई! खऱ्या समुद्रावर!

त्या दिवशी बाबानं मले थ्रेशरचा पट्टा आनाले तुमसरले धाडलं. पट्टा मी घेतला, मंगेशजवळ घरी पाठवला (तेवढा इमानदार आहे मी), अन् तुमसर रोडवरून गाडीत बसलो. कायले? तुले माहीत आहे कायले. पुंजन्यावर कापलेल्या धानाचा ढीग रचून राहिलो होतो, मानसं बाया सारे उभे, अन् बाबा म्हनाले, "तुह्याच्यानं एक गोष्ट पुरी होत नाही. बारावी अर्धी, आयटीआय अर्धं, आंघोळ बी अर्धी." सारे हासले. मी बी हासलो. पन मनात म्हनलं, आता एक गोष्ट पुरी करूनच दाखवतो.

तं आयक. वरती रेवस म्हनून गाव आहे अन् खालती, गोव्याच्या दाराशी, रेडी. महाराष्ट्राचा सारा समुद्रकाठ. तो मी पायी चालनार. मोबाइलवर एकाचा व्हिडिओ पाह्यला होता. त्याच्या पाठीवर तंबू होता, पायात भारीचे बूट होते. माह्या पाठीवर शाळेचं दप्तर आहे, पायात बाबाची चप्पल आहे. बाबाचा खांद्यावरचा चौकटीचा दुपट्टा बी आनला. शोधत असतीन तं सांगजो नको.

आता समुद्राचं सांगतो. आपुन गोसेखुर्दच्या धरनाचं पानी पाह्यलं, म्हनलं बापा बापा केवढं! पन त्याले तिकडची बाजू आहे. याले दुसरा काठच नाही! मी पाच मिन्टं तोंड वासून उभा होतो. मंग चव पाह्यली. ताई, सारं पानी खारट आहे! एवढं पानी अन् त्याच्यानं धानाची एक बांधी भिजत नाही, एक लोंबी निसवत नाही. कोनाच्या कामाचं आहे मंग हे? बाबाले सांगशीन तं ते रात्रभर झोपनार नाही.

इथं एक मानूस भेटला, मागच्या साली हाच रस्ता चालला होता. तो म्हने हरिहरेश्वराले गोदावरीबाईची खानावळ आहे, पत्रं तिथं मागव. तं उत्तर तिथंच टाक. फोन मी करत नाही, कारन घरचं कोनी माहा फोन उचलत नाही, अन् काहून उचलत नाही ते मले माहीत आहे.

आईले सांग, जेवन बरं आहे. खोटं सांगजो, मच्छीतली हड्डी दोनदा गळ्यात अडकली.

तुहा
मोनू


सिहोरा
९ डिसेंबर

मोन्या,

पत्र आलं. मी शिक्का पाहिला, पोस्टमननं पाहिला, भय्याजी काकानं पानठेल्याच्या बल्बाखाली धरून पाहिला. निकाल असा लागला की मोन्या रामटेकच्या डोंगरात लपला आहे अन् कोणातरी ट्रकवाल्याच्या हातानं अलिबागहून पत्र टाकून घेतलं. मंगेश तर म्हणते, "समुद्र खारा असते हे त्याले माहीत नव्हतं, हे वाचूनच समजलं का खोटं आहे. एवढा अडाणी कोण राहाते?"

मी म्हटलं, मोन्या राहाते.

माह्यापुरतं विचारशील तर मले खरं वाटते. एवढं घाण अक्षर दुसऱ्या कोणाच्यानं निघत नाही. म्हणून पत्रच लिहीत जा. फोनचं तू म्हणतो ते बरोबर. घरी कोणीच उचलणार नाही. भय्याजी काकाले तू फोनवर पंचायत समितीचा साहेब होऊन म्हशीच्या सौंदर्य स्पर्धेले बोलावलं, ते हासून सोडलं. काकानं म्हशीच्या शिंगाले तेल लावून तिले तालुक्यापर्यंत नेलं, परत आणलं, गावाले गोष्ट झाली. पण बाबाले तू कृषी साहेबाच्या आवाजात सांगितलं की तुमच्या धानाले जिल्ह्यात पहिला नंबर आला. बाबा नवं धोतर नेसून, धानाची पेंडी दुपट्ट्यात गुंडाळून, तुमसरच्या ऑफिसात दिवसभर बाकड्यावर बसून होते.  त्या दिवसापासून ते मोबाइल कानाले लावतच नाही. वाजला की मले देतात. म्हणतात, "याच्यातून कोणीबी कोणीबी बनून बोलते."

तुह्या चालण्याचं त्यायले सांगितलं. पुंजण्यावर बसून होते. एवढंच म्हणाले, "येईन चार दिवसात. अर्ध्यातून."

मंग थोड्या वेळानं मलेच विचारलं, "चप्पल कोणती घालून गेला?"

म्हटलं, तुमची.

म्हणे, "तिचा अंगठा तुटका आहे. सांगतलं असतं तं शिवून देली असती."

तं मोन्या, या वेळेस अर्ध्यातून येऊ नको. रेडीले पोचूनच ये. दुपट्ट्याचं मी सांगितलं नाही, पण ते रोज खुंटीकडे पाहतात. त्याचा कोपरा मी हिरव्या धाग्यानं शिवला होता, सांभाळजो.

शुभांगी


हरिहरेश्वर
१६ डिसेंबर

ताई,

मी जिता आहे. हे आधी लिहून ठेवतो.

हे पत्र गोदावरीबाईच्या पेनानं, गोदावरीबाईच्या कागदावर, गोदावरीबाईच्या पोराची हाफपॅन्ट घालून लिहून राहिलो. पॅन्टीवर मागच्या बाजूले मोठ्ठा खेकडा छापला आहे. माहं म्हनून अंगावर काही राह्यलं नाही, एका चड्डीशिवाय. कसं ते आयक.

काल सकाळी श्रीवर्धनवरून उजाडायच्या आधी निघालो. हरिहरेश्वराच्या आधी मधात एक खाडी लागली. खाडी म्हंजे समुद्राचा हात जमिनीत घुसलेला. पन तिच्यात पानीच नव्हतं! मधातून एक नाली वाहे, बाकी सारा गाळ अन् वाळू, आपल्या गावचा लहानसा तलाव, आपली बोडी, एप्रिलात आटते तशी. होड्या आडव्या पडून होत्या, काही एका कुशीवर, काही पोटावर. मले वाटलं, गरीब लोकं, होड्या भंगारात काढल्या.

आता तूच सांग, बोडी आटली का आपुन तिच्या पोटात काय नाही करत? बैल बांधतो, किरकेट खेळतो, मागच्या साली मंगेशच्या बहिनीच्या लग्नाची पंगत बी तिथंच बसली. पानी गेलं म्हंजे गेलं, आता मिरगातच येईन. मी बी खाडीच्या पार मधात गेलो, मस्त थंडी वाळू पाह्यली, दप्तर ठेवलं, त्याच्यावर दुपट्टा, शर्ट, पॅन्ट ठेवली, अन् होडीच्या सावलीत आडवा झालो. झोप लागली.

झोपेत वाटलं, बाबानं कानात पानी ओतलं, धान चुरन्याच्या दिवसात उठवाले ओततात तसं. मी म्हनलं, "उठतो ना बाबा." तोंड उघडलं तं तोंडात खारट!

डोळे उघडले. ताई, मी पान्यात होतो. चारी बाजूनं पानी. जिकडून आलो तिकडे पानी, जिकडे जायाचं तिकडे पानी. अन् ज्या होड्या मेल्या होत्या, त्या साऱ्या उठून उभ्या! जशी मेलेली म्हैस उठून शेपूट हालवाले लागन तशा. मी बोंबललो. माह्या आयुष्यात एवढा खरा मी कधी बोंबललो नसन. दप्तर पाह्यलं तं ते गोल गोल फिरत समुद्राकडे चाललं होतं, वरती बाबाचा दुपट्टा पसरून, जसा नवरदेव चालला. त्याच्या मागं पोहलो. आपल्या बोडीत मी मंगेशले हरवतो ना? इथं मी एक हात मारू तं पानी मले दोन हात मागं नेई. दप्तर सोडलं अन् जीव धरला. एका होडीची दोरी हाताले लागली, तिले लोंबकळून राह्यलो.

वाटेनं चाललेल्या बाहेरगावच्या होडीवाल्यायनं काढलं अन् हरिहरेश्वराले उतरवून दिलं. गोदावरीबाईनं मले चड्डीवर दारात उभा पाह्यलं अन् म्हनली, "मेल्या, खाडीत झोपतात काय? भरती ठाऊक नाही तुला?"

म्हनलं, मावशी, पानी तं आटलं होतं.

"आटलं नव्हतं रे, ओहोटी होती. दिवसातनं दोनदा जातं, दोनदा येतं."

ताई, दोनदा! रोज! गेट नाही, पाटकरी नाही, कोनी सोडत नाही, कोनी बंद करत नाही. आपल्याकडे एका पान्याच्या पाळीसाठी डोके फुटतात अन् इथं पानी सोताच्या मनानं दिवसातून दोनदा येऊन जाते, तेबी खारट. मी रात्रभर इचार केला. अजून बी डोक्यात बसत नाही.

मोबाइल गेला, आधार कार्ड गेलं, दुपट्टा गेला. फोन करू म्हनलं तं नंबर कोनाचा पाठ आहे? मले सोताचा बी पाठ नाही. म्हनून पत्र.

पन तुहं पत्र इथं भेटलं, मी अर्ध्यातून येत नाही. पॅन्ट भेटली, तुटक्या अंगठ्याची चप्पल होडीत अडकून वाचली. पुढं केळशीले कुंताबाई म्हनून आहे, गोदावरीबाईची ननंद. तिच्या घरी राहीन, थोडं काम करीन, पायाचे फोड वाळू देईन. उत्तर तिथं टाक. बाबाले दुपट्ट्याचं हळूच सांग. सांगजो का समुद्रानं नेला. खरंच नेला.

मोनू


सिहोरा
२४ डिसेंबर

मोनू,

तुहं सोळा तारखेचं पत्र काल आलं. आठ दिवस कुठं फिरलं माहीत नाही. ते लवकर आलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

नीट वाच. उभा असशील तर बस.

अठरा तारखेले, बुधवारी, आपल्या अंगणात धान उडवणं सुरू होतं. आई सूप घेऊन उभी, बाबा पोते शिवून राहिले, भय्याजी काका अन् मंगेश बसून. ठाण्यातला नवा शिपाई आला. म्हणे, "मोनूचं घर हेच का? तिकडे रायगडात खाडीत त्याचं दप्तर सापडलं. आधार कार्ड आहे. मुलगा... मुलाचा पत्ता लागत नाही."

मोनू, सारे हासले.

मागच्या वर्षी तू नाटक कंपनीतली मिशी आणून मंगेशले शिपाई बनवलं होतं अन् काकाच्या ठेल्यावर धाड टाकली होती, आठवते? काका उठले, शिपायाच्या जवळ गेले, चारी बाजूनं पाहिलं अन् म्हणाले, "या वेळची मिशी बरी आहे. कोणत्या कंपनीची?" अन् मिशी ओढली. जोरात ओढली. शिपायाच्या डोळ्यातून पाणी आलं.

"ओ काका! खरी आहे!"

"मंगेशबी असाच म्हणे," काका म्हणाले, अन् दुसऱ्या बाजूनं ओढली.

आई पोट धरून हासून राहिली. मी बी हासली. मी बी रे, मोनू. मंग शिपायानं मोबाइल काढला अन् फोटो दाखवला. ओलं दप्तर, तुह्या आधार कार्डावरचं थोबाड, अन् बाजूले दुपट्टा. काका अजून म्हणतच होते, "सोमाजी, नाटक आहे बा, चार दिवसात येते पोट्टा." बाबानं मोबाइल हातात घेतला. जवळ धरला. दुपट्ट्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, तिथं हिरवा धागा होता.

म्हणाले, "दुपट्टा तं माहा आहे."

 आईच्या हातातलं सूप उलटं झालं अन् सारं धान पायावर सांडलं, तिले समजलं नाही.

त्याच संध्याकाळी बाबा गाडीत बसले. फोन खाटेवर ठेवून गेले. म्हटलं, बाबा, फोन तर घ्या. म्हणे, "याच्यातून मले कोणी काही सांगाचं नाही. मी डोळ्यानं पाहीन." तुहा एक फोटो मागितला. मोन्या, तुहा एक धड फोटो नाही घरात! साऱ्यात जीभ बाहेर. तोच घेऊन गेले.

एकवीस तारखेले एका मासळीच्या टेम्पोवाल्याच्या फोनवरून बोलले. म्हणे, त्याच खाडीवर आहो, काठाकाठानं पाहून राहिलो. आपल्याकडे तलावात माणूस बुडला तर पाणी उतरल्यावर गाळात सापडते, तसंच म्हणे इथं बी करीन. लोकायनं त्यायले सांगितलं की अमावस्येले खाडी तळापर्यंत रिकामी होते. "सोमवारी अमावस्या आहे. त्या दिवशी पार तळात उतरतो अन् पोट्ट्याले घेऊनच येतो." एवढं बोलून ठेवला.

काल तुहं पत्र आलं. आई अंगणातच बसली, रडली, हासली, सहा दिवसानं भाकर खाल्ली. मी लगेच तिकडच्या ठाण्यात फोन केला. तिथले साहेब भले माणूस, सोता खाडीवर गेले, बाबाले सांगितलं की तुमच्या मुलीचा फोन आला, मुलगा जिवंत आहे, पत्र आलं. बाबा त्यायले काय म्हणाले माहीत आहे? "साहेब, फोनवर कोणीबी माह्या पोरीचा आवाज काढते. तुमाले ठाऊक नाही, आमच्या गावात तसे हुशार पोट्टे आहेत." अन् परत चिखलात उतरले. साहेबानं मलेच विचारलं, "काकांना काही त्रास आहे का?"

काय सांगू? म्हटलं, त्रास आहे. एकोणीस वर्षाचा आहे.

मोनू, तू जे लिहिलं ना, पाणी गेलं म्हणजे गेलं, बाबा बी तसंच समजतात. तू मधातल्या वाळूवर झोपला अन् तुले दोरीनं वाचवलं. ते तळात उतरणार आहेत. वाकून, गाळात हात घालून. त्यायले पाणी येताना दिसणार बी नाही. मी आईले सोडून निघू शकत नाही, तिचा रक्तदाब वर गेला आहे. अन् मी गेली तरी ते म्हणतीन पोरगी समजूत काढाले आली. त्यायले आता कोणाचंच खरं वाटत नाही. फक्त तूच पाहिजे, हाडामासाचा. साहेब केळशीले निरोप धाडतो म्हणाले, पण ते दुसऱ्या जिल्ह्यात आहे, भरवसा नाही, म्हणून हे पत्र.

धानाची काळजी करू नको. जे जे अंगणात हासले ते सारे रोज येऊन आपला धान चुरून राहिले. काका सर्वायच्या आधी येतात.

शुभांगी


वेसवीचा धक्का
२९ डिसेंबर

ताई,

पत्र कुंताबाईच्या घरी कालच येऊन पडलं होतं. मी होडीवर कामाले गेलतो. आज सांजच्याले हातात आलं.

केळशीवरून इथपर्यंत एकाच्या गाडीवर मागं बसून आलो. रेवसपासून पह्यल्यांदा चाकावर बसलो. रेडी गेली खड्ड्यात. आता मधात एक खाडी आहे, तिकडे नेनारी बोट सकाळी सुटते. पोहून जातो म्हनलं तं धक्क्यावरच्या मानसानं कॉलर धरून बसवलं.

उद्या सोमवार आहे.

तू लिहिलं का सारे हासले. आई बी. मी ते पाच वेळा वाचलं. माह्या मरन्यावर लोकं हासले, ताई. अन् त्यायची चूक बी काढता येत नाही.

हे पत्र धक्क्यावरच्या पेटीत टाकतो. काही झालं तं

मोनू


हरिहरेश्वर
३१ डिसेंबर

ताई, आईले जवळ बसव अन् मोठ्यानं वाच.

सकाळी पह्यल्या बोटीनं इकडे आलो. उतरल्यावर एका दूधवाल्याच्या गाडीवर बसलो. दूधवाला सारखा मागं वळून माह्याकडे पाहे. शेवटी म्हनाला, "जरा जीभ बाहेर काढ बघू."

काढली. तं त्यानं गाडीच थांबवली.

"अरे, तू तोच ना? मेलेला? एक काका फोटो दाखवत फिरतात!" अन् त्यानं गाडी अशी पळवली का अर्धं दूध रस्त्यानं.

खाडीवर पोचलो. ताई, मागच्या वेळेस मी पाह्यली त्याच्यापेक्षा बी जास्त रिकामी होती. साऱ्या होड्या मेलेल्या. अन् पार मधात, जिथं मी गेलो होतो त्याच्या बी पुढं, एक मानूस वाकून होता. धोतर वरती खोचलेलं, हातात बांबू. बांबू गाळात खुपसे, काढे, हात घालून चाचपे, पुढचं पाऊल टाके. आपल्या बोडीत सिंगाडे काढतात तसा. काठावर दोन कोळी हात हालवून बोंबलून राह्यले होते. ते म्हनाले, आम्ही दोनदा ओढून आणलं, आमच्या हाताला चावले. आता होडी सोडायला खाली पाणी नाही, अन् पाणी येईल तेव्हा उशीर होईल.

मी बी पाह्यलं. समुद्राच्या बाजूनं एक चकाकती रेघ आत येऊन राह्यली होती. आवाज नाही, लाट नाही. जशी कोनी चादर ओढून राह्यलं. पह्यले मले माहीत नव्हतं ते काय आहे. आता माहीत आहे.

मी पळत आत घुसलो. गाळ गुडघ्यापर्यंत. "बाबा! बाबा, मी मोनू!" म्हनून बोंबललो. त्यायनं मान वर केली नाही. अजून जवळ गेलो. "बाबा, पानी येऊन राह्यलं!" तं त्यायनं तसंच वाकून, माह्याकडे न पाहता, हात हालवला, माशी हाकलतात तसा. अन् बोलले, माह्यासंग नाही, सोतासंगच बोलले, "आज बी आला आवाज. रोजच येते."

ताई, मी कोनाकोनाचे आवाज काढले, सारं गाव फसलं, अन् आज माह्या सोताच्या आवाजाले माहा बाप मानेना.

पानी माह्या घोट्याले लागलं. त्यायच्या गुडघ्याले. मधात तीच नाली होती, ती आता फुगली होती, मी तिच्या इकडे, ते तिकडे. काय करू?  हात आपोआप खाली गेला. चिखलाचा एक गोळा उचलला, चांगला मोठा, धानाच्या रोवन्याच्या वेळेस करतो तसा, अन् नेम धरून फेकला. बाबाच्या टकलावर बसला. फट्ट!

बाबा सरळ झाले. टकलावरून चिखल पुसला. अन् न वळता, साऱ्या खाडीले आयकू जाईन असे बोंबलले, "मोन्याऽऽ! हरामखोरा! बापाले मारतं?"

मंग वळले.

दुनियेत दुसऱ्या कोनाची हिंमत नाही, ताई, सोमाजीच्या टकलावर चिखल फेकाची. हे त्यायले माहीत आहे.

ते तसेच उभे राह्यले. हातातून बांबू सुटला अन् तरंगत गेला. तवा त्यायनं खाली पाह्यलं अन् त्यायले पानी दिसलं. माह्याकडे पाह्यलं, पान्याकडे पाह्यलं. म्हनाले, "हे कुठून आलं बे?"

म्हनलं, "बाबा, मंग सांगतो, हात द्या!"

नाली छातीपर्यंत आली होती. मी एका होडीची दोरी कमरेले बांधली, आता मले माहीत आहे कोनती होडी केवढी उठते ते, अन् उतरलो. बाबाचा हात धरला. पान्यानं आमाले दोघायले ओढलं, बाबा एकदा खाली गेले, वरती आले तं तोंडातलं पानी थुंकून म्हनाले, "खारट आहे!" एवढ्यात बी. मागून होड्या एकेक उठाले लागल्या होत्या अन् कोळ्यायनं दोरी ओढाले सुरू केली होती. पोत्यासारखं ओढत आमाले काठावर टाकलं.

काठावर बाबा बसले. लयवेळ दम टाकत राह्यले. मी वाट पाहून राह्यलो का आता कानफटात बसन. गाल पुढं करूनच बसलो होतो. तं त्यायनं माही हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे फिरवलं, अन् हे चार केस आहेत ना माह्या मिशीचे, ते चिमटीत धरून जोरात ओढले.

"अयायायाय! बाबा!"

सोडले. मंग परत एकदा ओढले. मंग माहं डोकं छातीले लावून धरलं. त्यायचं सारं अंग थडथड करून राह्यलं होतं, अन् थंडीनं नाही. मी एवढ्या मस्कऱ्या केल्या, पन बाबाले रडताना मी कधी पाह्यलं नव्हतं. पाहाचं बी नव्हतं.

गोदावरीबाईनं दोघायले जेऊ घातलं. बाबाच्या अंगात आता खेकड्याची पॅन्ट आहे. हासजो नको. मी बी हासलो नाही. (थोडा हासलो.) ठाण्यातून दप्तर अन् दुपट्टा भेटला, दुपट्टा मिठानं कडक झाला, पापडासारखा उभा राहाते. साहेबायनं बाबाले म्हनलं, "काका, आता तरी फोनवर विश्वास ठेवाल?" बाबा म्हनाले, "नाही."

घरी फोन मी बी करत नाही. तुमी म्हनसान मोन्यानं कोनाचा तरी आवाज काढला. म्हनून खाली बाबा सोता लिहून राह्यले. दोन ओळीले अर्धा तास लागला, मधात मधात समुद्राकडे पाहून राह्यले. आता पुन्हा ओहोटी आहे, पानी गेलं, तं ते मले म्हनाले, "येते ना पन परत?"

म्हनलं, येते बाबा.

मोनू

मोनूच्या आईस, उषाबाईस सोमाजीचा रामराम. पोट्टा जिता आहे. मी हात लावून पाह्यला. रेडी म्हनून गाव आहे तिथपर्यंत त्याचं चालनं बाकी आहे. अर्धं राहू नये म्हनून मी संग जातो. चप्पल शिवून देली. भय्याजीले सांगा मिशी खरी आहे.